उन्हाळ्याच्या गांवीं बर्फाचा खेळ

वैशाखाच्या उन्हांत भंडारा जिल्ह्यांत बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. गोणपाटांत गुंडाळलेली ती लादी, किसतांना उडणारा तिचा पांढरा भुगा आणि त्यावर ओतलेला लाल-हिरवा पाक, एवढीच ह्या मुलखाची बर्फाशीं ओळख. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो, दुपारीं रस्ते ओस पडतात, आणि लादी विकून होण्याच्या आधींच तिचें पाणी गाडीखालीं ठिबकूं लागतें. अशा ठिकाणीं कोणीं विचारलें कीं, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचे धंदेवाईक संघ उष्ण शहरांना मिळावेत काय, तर ऐकणाराला तो प्रश्न रिकामपणाचा वाटेल. परंतु श्रोतेहो, ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो भंडाऱ्यापासून फारसा दूर नाहीं. निसर्गानें जें दिलें नाहीं तें माणसानें आपल्या गांवीं आणावें काय? आणि आणलें, तर तें कोणाच्या खर्चानें व कोणाच्या उपयोगासाठीं?

ज्या खेळाविषयीं हा वाद आहे तो प्रथम थोडक्यांत सांगितला पाहिजे. २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असें बर्फाचें पटांगण. प्रत्येक बाजूला सहा गडी. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत लांब दांड्याच्या काठ्या, आणि चेंडूच्या जागीं रबराची कठीण चकती. आपल्या मैदानी हॉकीचा हा चुलतभाऊच. पण त्याचा वेग दौडत्या घोड्याचा. कॅनडांतील माँट्रियल शहरीं ता. ३ मार्च १८७५ रोजीं छपराखालीं झालेला सामना हा ह्या खेळाच्या आजच्या रूपाचा आरंभ मानतात. तेथील गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅनले ह्यांनीं १८९२ सालीं एक चषक देऊं केला, आणि तोच आजहि ह्या खेळांतील सर्वोच्च मान समजला जातो. १९१७ सालीं 'नॅशनल हॉकी लीग' हें धंदेवाईक संघांचें मंडळ स्थापन झालें. आरंभीं ह्या मंडळाचा पसारा कॅनडांत व अमेरिकेच्या थंड उत्तरेंत होता. पुढें तो दक्षिणेकडे सरकला, आणि आज फ्लॉरिडा, टेक्सस, कॅलिफोर्निया व नेवाडा ह्या प्रांतांत, म्हणजे जेथें ताड आणि निवडुंग वाढतात अशा भूमींत, ह्या खेळाचे संघ नांदत आहेत.

थंड प्रदेशांतील लोकांना ह्याचें वैषम्य वाटतें, आणि त्यांची बाजू न ऐकतां निकाल देणें बरें नव्हे. त्यांच्याकडे हिंवाळ्यांत तळीं गोठतात. बाप रात्रीं परसांत पाणी सोडून ठेवतो आणि सकाळीं मुलाला खेळायला अंगण तयार असतें. ज्या गांवीं खेळ असा घरोघरीं रांगला, त्या गांवचा संघ केवळ पैशाच्या बळावर दुसऱ्यानें उचलून न्यावा, हें त्यांना अन्यायाचें वाटतें. क्वीबेक शहराचा संघ १९९५ सालीं अमेरिकेंत डेन्व्हरला गेला. विनिपेगचा संघ १९९६ सालीं ॲरिझोनाच्या वाळवंटांत, फिनिक्स येथें नेण्यांत आला. क्वीबेकच्या लोकांनीं २०१५ सालीं मोठें नवें क्रीडागृह उभारलें. तरी २०२५ पर्यंत त्या गांवाला संघ परत मिळाला नव्हता. त्यांत भर अशी कीं, १९९३ सालीं माँट्रियलनें चषक जिंकल्यानंतर २०२५ पर्यंत कॅनडाच्या एकाहि संघाला तो लाभला नाहीं. उलट २०२० ते २०२५ ह्या सहा वर्षांत पांच वेळां तो टँपा, लास व्हेगस व मायामीजवळील सनराइझ अशा उष्ण गांवीं गेला. ज्यांच्या घरीं लेक वाढली त्यांनीं वरातीचे दिवे दुरून पाहावेत, तशी ही गोष्ट आहे.

ही व्यथा खरी आहे; पण तिच्यावरून काढलेला सिद्धान्त खरा आहे काय? हवामान हाच अधिकाराचा निकष मानावयाचा, तर आधीं हें पाहिलें पाहिजे कीं, ज्या बर्फावर हे सामने होतात तो आकाशांतून पडतो कीं काय. तसें मुळींच नाहीं. लंडन शहरांत १८७६ सालीं जॉन गॅमजी नांवाच्या गृहस्थानें यंत्राच्या साहाय्यानें गोठविलेलें पटांगण उघडलें. त्यामागची युक्ति साधी आहे. जमिनींत नळ्यांचें जाळें बसवावयाचें, त्यांतून अतिशय थंड केलेलें पण न गोठणारें खारें पाणी किंवा तशाच गुणाचें दुसरें द्रव खेळवावयाचें, आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक देऊन इंच-सव्वा इंच जाडीचा बर्फ धरूं द्यावयाचा. खुद्द कॅनडांत व्हँकूव्हर व व्हिक्टोरिया हीं शहरें समुद्रकांठीं असल्यामुळें तेथील हिंवाळा सौम्य. तळ्यांच्या गोठण्यावर भरंवसा ठेवण्याची सोय नाहीं. म्हणून लेस्टर व फ्रँक पॅट्रिक ह्या बंधूंनीं १९११ सालीं त्या दोन्ही ठिकाणीं यंत्राच्या बर्फाचीं क्रीडागृहें बांधलीं, आणि १९१५ सालीं व्हँकूव्हरनें चषक जिंकून दाखविला. कॅनडाच्या त्या कांठाला हा खेळ थंडीनें दिलेला नाहीं, यंत्रानें दिला. आज माँट्रियल घ्या अथवा टँपा घ्या, धंदेवाईक खेळाडूच्या पायांखालीं असतो तो बर्फ कारखान्याचाच. बाहेर हिम पडो कीं ऊन पडो, आंतला हिशेब एकच.

उष्ण देशाला परक्या बर्फाचें कौतुक नवें नाहीं. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर ह्यानें अमेरिकेंतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ करवतींनीं कापून, लांकडाच्या भुशांत गच्च बसवून, १८३३ सालीं कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांच्या समुद्रप्रवासांत, दोनदां विषुववृत्त ओलांडूनहि, त्यांतला निम्म्याहून अधिक शाबूत उतरला. पुढल्याच वर्षीं, १८३४ सालीं, तो मुंबईस आला, आणि त्याच्या सांठवणीसाठीं तेथें बर्फघर उभें राहिलें. मद्रासचें बर्फघर तर आजहि दुसऱ्या नांवानें उभें आहे. पुढें बर्फ करण्याचीं यंत्रें निघालीं आणि हा दर्यावर्दी व्यापार बुडाला; जी चैन एके काळीं गव्हर्नराच्या मेजवानीपुरती होती ती गोळेवाल्याच्या गाडीवर आली. हॉकीच्या इतिहासांतहि ह्या बर्फाच्या कारखान्याला मोठें स्थान आहे. दोन खेळांच्या मधल्या वेळांत खरवडलेलें पटांगण पुन्हां आरशासारखें गुळगुळीत करणारी जी गाडी आज जगांतील बहुतेक क्रीडागृहांत फिरते, ती कॅनडाच्या हिमांत जन्मलेली नाहीं. उन्हाळी कॅलिफोर्नियांत लाद्यांचा बर्फ विकणाऱ्या फ्रँक झँबोनी ह्या कारागिरानें १९४९ सालीं ती तयार केली. जेथें बर्फ दुर्मिळ तेथेंच त्याची निगा राखण्याची अक्कल निघाली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरें असें कीं, कोणताहि खेळ आपल्या जन्मभूमीला बांधलेला राहिलेला नाहीं. क्रिकेट हा इंग्लंडच्या ओलसर कुरणांतला खेळ. मुंबईच्या पारशी मंडळींनीं १८४८ सालीं आपला पहिला क्लब काढला आणि १८८६ सालीं त्यांचा संघ विलायतेस जाऊन खेळून आला. तेव्हां त्यांना कोणीं जर म्हटलें असतें कीं, तुमच्या हवेंत हिरवें गवत बाराहि महिने टिकत नाहीं, सबब हा खेळ तुमचा नव्हे, तर आजचें क्रिकेट कोठें असतें? उलट बॅडमिंटनकडे पाहा. त्याचे आरंभींचे नियम १८७० च्या सुमारास पुण्याच्या लष्करी छावणींत आकाराला आले. कांहीं काळ त्या खेळाला 'पूना' असेंच नांव होतें. आज तो खेळ डेन्मार्कसारख्या थंड देशाचा अभिमान झाला असून, तेथील व्हिक्टर ॲक्सेलसेन ह्यानें टोकियो व पॅरिस अशा लागोपाठ दोन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक मिळविलें. आपल्या हुतूतूची गोष्टहि तशीच. विदर्भांतील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनला जाऊन देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. पुढें कबड्डी आशियाभर पसरली, आणि २०१८ सालच्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत इराणच्या पुरुषांनीं व स्त्रियांनीं भारताला हरवून दोन्ही सुवर्णपदकें नेलीं. इराणला कबड्डी शोभते असें म्हणावयाचें आणि फ्लॉरिडाला हॉकी शोभत नाहीं म्हणावयाचें, हा न्याय दोन मापांचा होईल.

तेव्हां ऊन हा दोष नव्हे, हें मान्य करावें लागतें. परंतु ह्यावरून प्रत्येक उष्ण शहराला धंदेवाईक संघ मिळणें योग्यच, असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. इतिहास तसें सांगत नाहीं. १९६७ सालीं मंडळाचे सहा संघ होते त्यांचे बारा झाले, आणि त्यांत कॅलिफोर्नियाच्या ओकलंडला एक मिळाला. नऊ वर्षांत तो गाशा गुंडाळून दुसऱ्या गांवीं गेला. अटलांटा शहरानें तर दोन संघ गमावले. पहिला १९८० सालीं कॅल्गरीस गेला, दुसरा २०११ सालीं विनिपेगला. म्हणजे एकदां लुटल्या गेलेल्या विनिपेगचें घर अटलांटाच्या नुकसानींतून पुन्हां भरलें. आणि विनिपेगहून वाळवंटांत नेलेला तो मूळचा संघ? त्याची कथा सर्वांत बोधप्रद आहे. त्याचें क्रीडागृह शहराच्या एका टोंकाला आणि हौशी प्रेक्षक बहुतांशीं दुसऱ्या टोंकाला. २००९ सालीं चालकांचें दिवाळें वाजलें. पुढें जागेचा वाद इतका वाढला कीं, शेवटचीं दोन वर्षें ह्या धंदेवाईक संघाला विद्यापीठाच्या सुमारें पांच हजार आसनांच्या लहानशा क्रीडागृहांत खेळावें लागलें. २०२३ सालीं टेंपी गांवच्या मतदारांना विचारण्यांत आलें कीं, नव्या क्रीडागृहाची योजना मान्य आहे काय? त्यांनीं ती नाकारली, आणि २०२४ सालीं संघ सॉल्ट लेक सिटीला निघून गेला. ह्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत उन्हानें बर्फ वितळविला नाहीं. वितळला तो लोकांचा विश्वास.

ह्याच्या उलट उदाहरणें पाहावींत. टँपाला १९९२ सालीं संघ आला तेव्हां त्याची थट्टा झाली. २००४, २०२० आणि २०२१ अशा तीन वर्षीं त्यानें चषक नेला. नॅशव्हिल हें दक्षिणेंतील गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचें गांव. तेथील संघ २००७ सालीं परगांवीं जाणार अशी वेळ आली, तेव्हां नागरिकांनीं सभा भरविल्या, हंगामभराचीं तिकिटें घेतलीं, आणि प्रामुख्यानें गांवच्याच भांडवलदारांनीं एकत्र होऊन तो विकत घेतला. दहा वर्षांनीं तो अंतिम फेरींत खेळला. लॉस अँजेलिसला १९६७ पासून संघ होता. परंतु वेन ग्रेट्झ्की हा अद्वितीय खेळाडू ९ ऑगस्ट १९८८ रोजीं एडमंटन सोडून तेथें आल्यावर कॅलिफोर्नियाच्या मुलांचें मन ह्या खेळांत बसलें. मुलांसाठीं बर्फाचीं पटांगणें निघालीं, १९९१ सालीं सॅन होजे आणि १९९३ सालीं ॲनाहाइम येथें आणखी संघ उभे राहिले. ज्या ॲरिझोनाचा संघ गेला तेथेंहि सगळें व्यर्थ झालें नाहीं. त्या संघाचे सामने पाहत वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज हा मुलगा २०१६ सालीं साऱ्या मंडळांतील नव्या खेळाडूंच्या निवडींत पहिला ठरला, आणि त्याला घेतलें तें कॅनडाच्या टोरांटो संघानें. वाळवंटानें थंडीच्या देशाला आपला मुलगा दिला. संघ गेला, पण त्यानें पेरलेलें उगवलें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतांत बर्फावरील हॉकी मुख्यतः लडाखांत खेळली जाते. सिमल्यास १९२० पासून उघड्यावरचें पटांगण आहे. रात्रीं पाणी सोडावयाचें आणि सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं खेळून घ्यावयाचें, अशी तेथील रीत. लडाखांतहि नैसर्गिक बर्फावर खेळण्याजोगा काळ वर्षांतून दोन-अडीच महिन्यांपलीकडे जात नाहीं. ह्यांतून एक मौजेची पण विचार करावयास लावणारी स्थिति निर्माण झाली. भारताच्या स्त्रियांच्या संघांत बहुतेक मुली लडाखच्या. त्या संघानें आंतरराष्ट्रीय स्पर्धेंतला आपला पहिला विजय २०१७ सालीं मिळविला, तो बँकॉक येथें. आशियाई चषकांत कांस्यपदक मिळविलें तें २०२५ सालीं, संयुक्त अरब अमिरातींतील अल ऐन ह्या वाळवंटांतल्या गांवीं. हिमालयाच्या लेकींनीं बर्फ शोधीत विषुववृत्ताकडे आणि वाळवंटाकडे जावें! त्या काळीं त्यांच्या घरीं थंडी होती, पण वर्षभर टिकणारें पटांगण नव्हतें. बँकॉकला थंडी नव्हती, पण पटांगण होतें. संघाला कोणतें अधिक उपयोगी पडलें हें वेगळें सांगावयास नको. महाराष्ट्राचीं मुलेंहि ह्यांत मागें नाहींत. ज्या प्रांतांत तळें कधीं गोठत नाहीं तेथल्या स्केटिंगपटूंनीं २०२४ सालीं लेह येथें झालेल्या खेलो इंडिया हिंवाळी स्पर्धांत बर्फावर पदकें मिळविलीं.

मात्र यंत्राचा बर्फ फुकट मिळत नाहीं. तो शून्याखालीं चार-पांच अंशांवर राखावा लागतो. बाहेर पंचेचाळीस अंश असतील तर आंत-बाहेर पन्नास अंशांचें अंतर रात्रंदिवस धरून ठेवावें लागतें, शिवाय हवेंतील दमटपणा काढावा लागतो. ही सारी विजेची उधळण आहे. देहरादून येथें २०११ सालच्या दक्षिण आशियाई हिंवाळी स्पर्धांसाठीं बंदिस्त पटांगण बांधण्यांत आलें. स्पर्धा संपल्या, पाहुणे गेले, आणि तें पटांगण वर्षानुवर्षें बंद पडून राहिलें. २०२५ सालीं तें पुन्हां सुरू झालें आणि तेथें आशियाई दर्जाची स्केटिंग स्पर्धाहि झाली, ही समाधानाची गोष्ट. पण मधल्या वर्षांत ज्या मुलांचें खेळण्याचें वय निघून गेलें त्यांना तें परत मिळणार नाहीं. इमारत नव्यानें उघडतां येते. बालपण उघडतां येत नाहीं.

हवा अनुकूल, परंपरा मोठी, आणि तरी संघ नाहीं, असेंहि घडतें; आणि त्यासाठीं महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं. मैदानी हॉकीचा आगाखान चषक मुंबईंत १८९६ सालीं सुरू झाला. पुण्याजवळच्या खडकीनें धनराज पिल्ले ह्यांच्यासारखा चार ऑलिंपिक खेळलेला गडी देशाला दिला. २००५ सालीं धंदेवाईक हॉकीची पहिली स्पर्धा निघाली तेव्हां 'मराठा वॉरियर्स' हा संघ त्यांत होता. ती स्पर्धा कांहीं वर्षांत संपली. २०१३ सालीं 'हॉकी इंडिया लीग' निघाली, मुंबईला संघ मिळाला, दोन वर्षांनीं त्याचें नांव व धनी बदलले, आणि २०१७ सालीं 'दबंग मुंबई' अंतिम सामन्यापर्यंत पोंचली. नंतर ती लीगच थांबली. २०२४ च्या अखेरीस ती पुन्हां सुरू झाली तेव्हां पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकहि नव्हता. सामने झाले ते मुख्यतः राउरकेला व रांची येथें, जेथें आसपासच्या खेड्यापाड्यांतील मुलामुलींच्या हातांत हॉकीची काठी असते. दुसरीकडे २०१४ सालीं निघालेल्या कबड्डीच्या लीगमधील मुंबई व पुण्याचे संघ टिकून राहिले. मुंबईनें २०१५ सालीं व पुण्यानें २०२४ सालीं विजेतेपद मिळविलें. एकाच प्रांताची हीं दोन उदाहरणें. हवेचा ह्यांत कांहींच संबंध नाहीं. गल्लींत खेळणारा मुलगा, तिकीट काढणारा गृहस्थ आणि तोटा सोसून दहा वर्षें थांबणारा धनी, हे तिघे जेथें एकत्र आले तेथें संघ जगला.

'धंदेवाईक' ह्या शब्दाला आपल्याकडे कांहींसा हलका वास येतो. पण झाडीपट्टीच्या लोकांना त्याचा खरा अर्थ ठाऊक आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या मुलखांत दिवाळीपासून होळीपर्यंत खेडोपाडीं नाटकें होतात. वडसा येथें त्यांच्या कंपन्या आहेत, आणि नटांचें पोट ह्या नाटकांवर चालतें. मोठमोठ्या शहरांतील नाट्यगृहें प्रेक्षकांची वाट पाहत असतांना येथें मात्र शेतकरी थंडीत घोंगडी पांघरून, तिकीट काढून पहांटेपर्यंत बसतो. ह्या मुलखाला धंदेवाईक रंगभूमि कोणीं बहाल केलेली नाहीं. हवा, लोकसंख्या वा संपत्ति पाहून कोणी निवाडा केला असता तर ती येथें कधींच आली नसती. लोकांनीं ती पोसली, म्हणून ती त्यांची झाली.

आणि निसर्गाच्या देणगीचा प्रश्न असेल तर भंडारा जिल्ह्यानें त्याचें उत्तर फार पूर्वीं देऊन ठेवलें आहे. ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. पण ते तलाव बहुतेक माणसांनीं बांधलेले आहेत. पावसाळा संपल्यावर धानाला शेवटचें पाणी मिळेना, म्हणून कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं उतार हेरून पाळी घातल्या आणि वाहून जाणारें पाणी अडविलें. निसर्गानें येथें तलाव दिले नव्हते, म्हणून येथें तलाव असण्याचा अधिकार नाहीं, असें त्यांना कोणी म्हणालें नाहीं. त्यांची थोरवी बांधण्यापेक्षां राखण्यांत होती: दरसाल गाळ उपसणें, पाळ दुरुस्त करणें, पाण्याची वांटणी ठरविणें. मालगुजारी गेल्यावर जेथें ही निगा सुटली, तेथें तलाव गाळानें भरत गेले. धानाचाहि धडा हाच आहे. पऱ्हे एका जागीं वाढतात, तेथून उपटून त्यांची दुसऱ्या बांधींत रोवणी होते, आणि खरें पीक येतें तें ह्या परक्या जागींच. पण कोरड्या, न नांगरलेल्या बांधींत रोवणी करणाऱ्याला गांव हंसतें. आधीं चिखल करावा लागतो, पाणी धरावें लागतें. मग रोप रुजतें. खेळाचेंहि तसेंच आहे.

तेव्हां उष्ण शहरांना बर्फावरील हॉकीचे संघ मिळावेत काय, ह्याचें उत्तर तापमापकावर वाचतां येणार नाहीं. त्यासाठीं तीन गोष्टी विचाराव्यात. त्या गांवचीं मुलें तो खेळ खेळतात काय, किंवा संघ आल्यावर त्यांना खेळावयास जागा मिळणार आहे काय? खर्च कोण सोसणार हें गांवाला उघडपणें सांगितलें आहे काय, आणि टेंपीच्या मतदारांप्रमाणें त्यांना नाहीं म्हणण्याची मोकळीक आहे काय? आणि पहिलीं पांच-दहा वर्षें हरण्यांत गेलीं तर थांबावयास कोणी तयार आहे काय? ज्या शहराला ह्या तिन्हींचीं होकारार्थी उत्तरें देतां येतात, तें विषुववृत्तावर असलें तरी संघाला पात्र आहे. ज्याला देतां येत नाहींत, तें ध्रुवाजवळ असलें तरी त्याचा संघ आज ना उद्यां गाशा गुंडाळील.

हाच हिशेब भंडाऱ्यालाहि लावला पाहिजे. ह्या जिल्ह्याला बर्फाचें पटांगण नको आहे, आणि तसें म्हणण्यांत कमीपणा नाहीं. येथील तीन प्रश्नांचीं उत्तरें आज नकारार्थी आहेत, इतकेंच. पण भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी आणि लाखांदूर ह्या सातहि तालुक्यांत सपाट मैदान, सांवली, पिण्याचें पाणी आणि रोज सायंकाळीं हजर असणारा शिक्षक ह्या गोष्टी मागण्याचा अधिकार येथल्या प्रत्येक मुलाला आहे. उद्यां कोणी ह्या जिल्ह्यांत एखादें भव्य क्रीडागृह आणूं म्हणाला, तर त्याच्या घुमटाची उंची विचारूं नये. त्याची चावी कोणाकडे राहणार आणि पाहुणे गेल्यावर तें कोणासाठीं उघडें असणार, एवढें विचारावें. तलावाची पारख त्याच्या पाळीच्या लांबीवर होत नाहीं. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोंचलें कीं नाहीं, ह्यावर होते.